निगडखोलची विहीर

पडलेल्या खांबावरच्या नोंदी एरवी कोणी वाचल्याच नसत्या.

निगडखोलच्या पठारावर असे चव्वेचाळीस खांब होते. प्रत्येकावर, जमिनीपासून दोन मीटर उंचीवर, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी एक पांढरी डबी. एकोणतिसावा खांब जुलैतल्या वाऱ्याने आडवा झाला, डबी गवतात पडली आणि तिथूनच इमानेइतबारे मोजत राहिली. तिचे आकडे इतके वेडेवाकडे येऊ लागले की संगणकाने पहिल्याच दिवशी 'यंत्र सदोष' असा शेरा मारून ते बाजूला टाकले. ऋजुता धायगुडेने ते ऑक्टोबरच्या अखेरीस उघडले, तेसुद्धा खांब किती दिवस पडून होता एवढंच पाहायला.

ऋजुता राष्ट्रीय कार्बन निधीची पडताळणी अधिकारी होती. शिक्षण भूशास्त्राचं, वय त्रेचाळीस, आणि अर्धं आयुष्य कुठल्या ना कुठल्या विश्रामगृहात गेलेलं. हवेतून कार्बन काढणाऱ्या कारखान्यांना सरकार अनुदान द्यायचं ते एका अटीवर: जमिनीत गाडलेला वायू गाडलेलाच राहिला पाहिजे, आणि तसं लिहून देणारी सही निधीच्या माणसाची हवी. निगडखोल हा देशातला पहिला मोठा प्रकल्प. त्याची पाच वर्षं भरत होती. या सहीवर सह्याद्रीतल्या आणखी अकरा पठारांचं अनुदान अडून बसलं होतं.

कारखान्याची रीत तशी साधी. टोलेजंग पंखे हवा आत ओढायचे, क्षारांच्या जाळ्या त्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवायच्या, मग तो सोडवून पाण्यात दाबून मिसळायचा, सोड्याच्या बाटलीत असतो तसा, आणि ते पाणी सातशे मीटर खाली काळ्या पाषाणात सोडायचं. हा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला लाव्हा. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. आंबट पाणी त्यांना दगडातून सोडवतं आणि वायूशी त्यांची गाठ पडली की दोन-तीन वर्षांत त्याचा चुनखडीसारखा पांढरा दगड होतो. दगड झाला की संपलं. तो पुन्हा हवेत येत नाही.

पण दगड व्हायच्या आधीच वायूला एखादी भेग सापडली तर?

ऋजुताने आकड्यांचा आलेख काढला आणि खुर्ची पुढे ओढली. आकडे वेडेवाकडे नव्हते. रोज दोनदा ते चढत होते आणि दोनदा उतरत होते. पहाटे चारला शिखर, दुपारी चारला शिखर. सकाळी दहा आणि रात्री दहाला जवळजवळ साध्या हवेइतकेच. जुलैपासून एक दिवस चुकलेला नव्हता.

"मॅडम, हे तर कोणीतरी श्वास घेतल्यासारखं दिसतंय," खांद्यावरून पाहणारा सुयोग मुळीक म्हणाला. तो प्रकल्पाचा मुख्य अभियंता. पस्तिशीचा, कामसू, या कारखान्याचा बोल्ट अन् बोल्ट स्वतः बसवलेला.

"जमीन घेतेय," ऋजुता म्हणाली. तिने हवेच्या दाबाचा आलेख त्याच्यावर ठेवला. एक चढला की दुसरा बरोबर उतरत होता. "सूर्यामुळे हवेलाही भरती-ओहोटी असते. आपल्याकडे चार वाजता दाब सगळ्यात कमी. वरचा दाब कमी झाला की दगडातला वायू बाहेर पडतो. दहाला दाब वाढतो, तेव्हा जमीन उलट हवा आत ओढते."

"किती जातोय?"

तिने हिशेब केला. "हजारात तीन."

मुळीकने सुटकेचा श्वास सोडला. "निकष शंभरात एकाचा आहे. आपण त्याच्या खूप आत आहोत."

ते खरं होतं. कागदावर प्रकल्प अगदी निर्दोष होता. पठारावर वाऱ्याला तोटा नव्हता, दोन मीटर उंचीवरच्या डब्यांना म्हणूनच कधी काही जाणवलं नव्हतं. पण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, सखल जागा शोधतो. ऋजुताने नकाशा पाहिला. एकोणतिसाव्या खांबाच्या खाली, निगुडीच्या झाडांनी वेढलेला एक खळगा होता. खळग्यात एक जुनी विहीर, नळाचं पाणी आल्यापासून कोणी न वापरलेली.

"तिथं कोणी जातं का?" तिने विचारलं.

मुळीक जरा घुटमळला. "म्हातारी माणसं जातात म्हणे. भजनबिजन असावं."

---

ती साडेतीनला निघाली. पायवाट चांगली मळलेली होती. वापरात नसलेल्या विहिरीकडे जाणारी वाट इतकी मळते कशी, हा प्रश्न तिला पडला तोवर ती खळग्याच्या काठाशी आली होती.

पहिल्यांदा लक्षात आली ती शांतता. वर पठारावर किडे किरकिरत होते. इथे किडा नाही, चिमणी नाही, मुंगीसुद्धा नाही. तिच्या मागोमाग शेपटी हलवत आलेलं विश्रामगृहाचं कुत्रं काठावरच थांबलं, कुंईकुंई करत दोन पावलं मागे सरलं आणि वळून पळालं.

खाली विहिरीभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. आठ-दहा माणसं बसली होती, बहुतेक साठीच्या पुढची. डोळे मिटलेले. छाती भराभर वरखाली होणारी, धावून आल्यासारखी. काहींचे ओठ हलत होते. डाव्या हाताच्या तिसऱ्या खुर्चीवर, पांढरा सदरा, मांडीवर टोपी, ऋजुताचे वडील बसले होते.

अण्णा. फलटणला चाळीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आई गेल्याला चार वर्षं झाली होती. घरी एकटे ठेवले तर औषधं घेत नाहीत म्हणून ती त्यांना या दौऱ्यावर सोबत घेऊन आली होती. "दुपारी जरा पाय मोकळे करून येतो," असं ते आठवडाभर रोज सांगत होते.

"अण्णा!"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. उत्तर दिलं ते विहिरीच्या कठड्याशी बसलेल्या एका बाईने. काळीसावळी, काटक, डोईवर हिरवा पदर. तिचं नाव सोनाबाई ताटे. खुर्च्या तिनेच जमवल्या होत्या, त्या रोज पुसायचीही तीच.

"हळू बोल, पोरी. ती बोलत्यात."

"कोण बोलतंय?"

"ज्याची त्याची मानसं." सोनाबाईने शेजारची रिकामी खुर्ची पुढे सरकवली. "बस. उभ्यानं कोन भेटत न्हाई. बसलं की येत्यात."

ऋजुता बसली नाही. तिने हातातलं मोजणीयंत्र छातीच्या उंचीला धरलं. शंभरात दोन भाग. वाकून कमरेच्या उंचीला आणलं, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या जरा खाली. सहा. यंत्र किंचाळू लागलं. त्या वाकण्यात तिने एक श्वास घेतला असेल, फार तर दोन. आणि तिला स्वच्छ जाणवलं की आपल्या मागे, अगदी हातभर अंतरावर, कोणीतरी येऊन उभं राहिलंय.

ती झटकन वळली. निगुडीची झुडपं. पान हलत नव्हतं.

तिला हे ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. शरीर ऑक्सिजनची कमतरता ओळखत नाही, ते ओळखतं कार्बन डायऑक्साइड. रक्तात तो वाढला की मेंदूच्या तळाशी एक फार जुनी घंटा वाजू लागते. काळीज धडधडतं, दम लागतो, आणि कारण दिसत नाही म्हणून मेंदू कारण तयार करतो: कोणीतरी आहे. जवळ आहे. ज्या माणसाची आपण वाट पाहत असतो, त्याचा आवाज मग त्या कोणीतरीला मिळतो.

सगळं ठाऊक असूनही तिच्या मानेवरचा काटा बराच वेळ गेला नाही.

"माजा लेक येतो," सोनाबाई म्हणाली. "ट्रकवर होता. खंबाटकीच्या घाटात गेला. आता रोज येतो, चारच्या ठोक्याला."

---

विश्रामगृहावर परतल्यावर ऋजुताने अण्णांना पाणी दिलं. त्यांचं डोकं दुखत होतं, पण चेहरा इतका टवटवीत तिने चार वर्षांत पाहिला नव्हता.

"अण्णा, तो वायू आहे. कारखान्याचा. जमिनीतून झिरपतोय. जास्त झाला तर माणूस तिथल्या तिथे जाईल."

"असेल वायू. तुमचे फोन नाही का हवेतूनच येत?"

"चेष्टा नका करू. आई येत नाही तिथे. तुमचा मेंदू गुदमरतो आणि खेळ करतो."

अण्णांनी पेला खाली ठेवला. "मग मला एक सांग. काल तिने मला विचारलं, माळ्यावरची पितळी परात कुठे गेली म्हणून. मी म्हटलं, असेल की माळ्यावर. ती म्हणाली, नाही, ऋजूने देऊन टाकली."

ती परात ऋजुताने मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत धुणंभांडी करणाऱ्या मालनला दिली होती. अण्णा तेव्हा पुण्याला आत्याकडे होते. आईची परात म्हणून त्यांना वाईट वाटेल, या भीतीने तिने ते कधी सांगितलंच नव्हतं. माळ्यावरची रिकामी जागा त्यांनी कधीतरी पाहिली असेल, मालन काही बोलली असेल. मनाच्या तळाशी पडलेलं वर आलं असेल. असंच असणार. तिने स्वतःला तसं दोनदा बजावलं.

"रागावली नव्हती," अण्णा म्हणाले. "नुसतं विचारलं."

---

दुसऱ्या दिवशी तिने दिल्लीला फोन लावला. खळग्याला कुंपण हवं, आठवडाभर वायू जमिनीत सोडणं थांबवायला हवं. तिच्या वरिष्ठांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "गळती निकषात आहे ना?" त्यांनी विचारलं. "आहे," ती म्हणाली. "कोणाला इजा?" "अजून नाही." "मग अहवाल द्या. कुंपण पुढच्या टप्प्याच्या अंदाजपत्रकात टाकू. ऋजुता, जगातला वायू कमी करायचा हा एक रस्ता आपल्या हातात आहे. एका खळग्यासाठी तो बंद पडू देऊ नका."

ती या मताच्या विरुद्ध नव्हती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पावसाळे बिघडताना पाहिले होते. म्हणूनच या नोकरीत आली होती.

मुळीकने मात्र वरच्या मंजुरीची वाट न पाहता माणसं लावून खळग्याभोवती दोरी बांधली, 'धोका' असा फलक लावला. चारला दोन मिनिटं कमी असताना सोनाबाईने दोरी एका हाताने वर धरली आणि म्हाताऱ्यांना एकेक करून खालून आत घेतलं. फलकावर तिने आपली पिशवी अडकवली.

ऋजुताने सरपंचांना गाठलं. ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, कारखान्यानं गावाला दवाखाना दिला, शाळेची गाडी दिली. पन म्हातारी मानसं त्याचं नाव काढतात ते विहिरीसाठी. मी कुनाकुनाला अडवू? माजीच आय जाते."

रात्री तिने अण्णांची चप्पल आपल्या खोलीत आणून ठेवली. सकाळी उठून पाहते तर ते अनवाणीच चहा प्यायला बाहेर बसलेले.

---

नोव्हेंबरच्या चौथ्या तारखेला अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झालं. ते किनाऱ्यावर येणार नव्हतं, दुरूनच गुजरातकडे सरकणार होतं. बातम्यांत कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पण दुपारी दोन वाजता ऋजुताने हवेच्या दाबाची रेषा पाहिली आणि ती ताडकन उठली. रोज चारला दाब जेवढा उतरायचा, त्याच्या चौपट तो आत्ताच उतरला होता. आणि अजून उतरतच होता.

ती बाहेर आली. पठारावर वारा नव्हता. कारखान्याला वीज पुरवणाऱ्या पवनचक्क्यांची पाती थांबलेली, एकही फिरत नव्हती. आकाश पितळेसारखं पिवळट झालेलं. अण्णांची खोली उघडी होती, टोपी खुंटीवर नव्हती.

"मुळीक, पंप बंद करा!" पळता पळता तिने फोनवर ओरडून सांगितलं. "आणि श्वासाच्या टाक्या घेऊन विहिरीवर या. असतील तेवढ्या!"

"मंजुरी—"

"माझ्या नावावर करा!"

खळग्याच्या काठावरूनच तिला दिसलं. खुर्च्या आज जास्त होत्या, वीसेक तरी. बातमी गावात पसरली होती की आज आवाज लांबूनसुद्धा ऐकू येतोय, दुपारपासूनच. कोणी उदबत्त्या लावल्या होत्या. सगळ्या विझलेल्या. माणसं माना टाकून बसली होती आणि कोणाचेही ओठ हलत नव्हते. फक्त सोनाबाई कठड्याला टेकून हसत होती, समोर कोणाकडे तरी पाहत.

ऋजुताने छातीभर हवा घेतली, श्वास रोखला आणि खाली धावली. पहिल्या बाईला बगलेत धरून वर ओढलं, गवतात टाकलं, पुन्हा श्वास, पुन्हा खाली. दुसरी. तिसरा एक म्हातारा, लाकडासारखा जड. चौथ्या खेपेला ती अण्णांपर्यंत पोचली. त्यांचे ओठ जांभळे झाले होते. तिने त्यांच्या काखेत हात घातले, उचलायला जोर लावला, आणि तिचा रोखलेला श्वास सुटला. आत जे आलं ते आंबट होतं, जीभ चुरचुरवणारं.

"ऋजू," तिच्या मागून कोणीतरी म्हणालं.

तो आवाज अण्णांचा होता.

पुढ्यात त्यांचा देह खुर्चीवर कलंडला होता, मान लुळी. आणि आवाज मागून येत होता, अगदी हातभर अंतरावरून, शांत, वर्गात रेघ कशी ओढायची ते सांगायचे तसा. "ऋजू, राहू दे आता. मी इकडे आहे. हे ओझं कशाला ओढतेस?"

तिचे हात सैल झाले. तिला पटलं. त्या क्षणी तिला पूर्ण, सरळ पटलं, की अण्णा गेले आहेत आणि मागे वळलं की भेटतील. या विहिरीवर जो मागे येतो तो गेलेलाच असतो. वळून बघावं, बसावं थोडं. खुर्ची आहेच.

ती वळली नाही. का वळली नाही, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. शौर्य म्हणावं तर तसं काही वाटलं नव्हतं. इतकंच आठवतं की तिचे डोळे अण्णांच्या सदऱ्याच्या बटणावर होते. वरचं बटण चुकीच्या काजात अडकलं होतं, आणि तिने आधी ते नीट केलं. बटण नीट करताना बोटांखाली छाती हलली. अगदी थोडी.

मग तिने त्यांना ओढलं. मागचा आवाज काठापर्यंत सोबत येत होता, न रागावता, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. गवतात पोचल्यावर तो थांबला.

मुळीक पाच माणसं आणि सहा टाक्या घेऊन आला होता. अर्ध्या तासात त्यांनी खळगा रिकामा केला. सोनाबाई सगळ्यात खोलात होती, विहिरीला लागून. ती तेवढी वाचली नाही. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, आणि दोन्ही हात पुढे केलेले, कोणी काही हातात देत असावं तसे.

---

ऋजुताने अहवालात लिहिलं: गळती हजारात तीन, निकषाच्या आत. आणि त्याखाली लिहिलं: एक मृत्यू, एकोणीस जण दवाखान्यात, मी सही करत नाही. निकष किती टन वायू गळाला याचा आहे. बसलेल्या माणसाच्या नाकाची उंची त्यात कुठेच नाही.

चौकशी झाली. सहा महिने प्रकल्प बंद राहिला. मग नियम बदलले: यंत्रं जमिनीलगतही हवीत, जुन्या विहिरी आणि भेगा आधी शोधायला हव्यात, अनुदान त्यानंतरच. भेगेपासून लांब, वायूचं पाणी खाली सोडायला नवी विंधनविहीर खोदली. निगडखोलची विहीर सिमेंट ओतून तळापासून वरपर्यंत बुजवली, वर पोलादी झाकण ठोकलं. वायू थांबला. पुढच्या पावसाळ्यात खळग्यात बेडूक ओरडले. अकरा पठारांची कामं उशिरा का होईना सुरू झाली, आणि ती नीट चालली. या सगळ्यात ऋजुताचं कोणी अभिनंदन केलं नाही, कोणी तिला काढूनही टाकलं नाही.

दीड वर्षाने तिच्या टेबलावर गावाकडून एक अर्ज आला. विषय: निगडखोल येथील विहीर पूर्ववत उघडून मिळणेबाबत. नुकसानभरपाई मागितलेली नव्हती. जबाबदारी आमची आम्ही घेतो, शासनावर दोष येणार नाही, लहान मुलांना येऊ देणार नाही, एवढंच लिहिलं होतं. खाली एकशे बारा नावं. त्यात दवाखान्यातून परतलेले जवळजवळ सगळे होते. सोनाबाईच्या सुनेचा अंगठा होता. शेवटच्या पानावर, बाकीच्यांपासून जरा अंतर ठेवून, चित्रकलेच्या मास्तरांच्या सुबक वळणाची एक सही होती.

तिने अर्ज दोनदा वाचला. मग शेरा लिहिला, 'नामंजूर', आणि तारीख घातली.

संध्याकाळी घरी गेल्यावर ती अण्णांसमोर बसली. ते खिडकीत पेन्सिलीला टोक करत होते.

"तुमचा अर्ज मी नामंजूर केला, अण्णा."

"करणारच. तुझं काम आहे ते." त्यांनी टोकावर फुंकर घातली. "गावाने पत्र पाठवलं, मी सही दिली. खोटं कशाला बोलायचं, मला हवं होतंच."

ते पुन्हा पेन्सिल तासू लागले. मग त्यांनी, तिच्याकडे न पाहता, दीड वर्षात कधी न विचारलेलं विचारलं.

"त्या दिवशी तूही खाली होतीस. श्वास घेतलास, डॉक्टर म्हणाले. तुला कोण भेटलं?"

ऋजुताने त्यांच्याकडे पाहिलं. सदरा, हात, कानामागची पांढरी झुलपं, आणि छाती, सावकाश वरखाली होणारी.

"आई," ती म्हणाली.

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवली, खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि लहान मुलासारखं विचारलं, "काय म्हणाली गं? सगळं सांग. अगदी सावकाश सांग."

आणि ऋजुता सांगू लागली.